बंब ते गीझर: दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा?

 

आजचा विषय तुमच्या बाथरूममध्ये, डोक्याच्या जरा वर, भिंतीला लटकलेला आहे. गीझर. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये गीझर कशाला? तर एका प्रश्नासाठी. घरातलं पाणी तापवायचं यंत्र जुनं झालं, कुरकुरायला लागलं, की करायचं काय? दुरुस्त करायचं, की काढून नवीन घ्यायचं? हा प्रश्न तुमच्या पणजीलाही पडत होता. पण तिचं उत्तर ठरलेलं होतं आणि आपलं ठरलेलं नाही. असं का झालं, ते आज बघायचंय.

पोटात आग असलेला बंब

गीझरच्या आधी मराठी घरात पाणी तापायचं ते पाणचुलीवर किंवा बंबात. पाणचूल म्हणजे फक्त आंघोळीच्या पाण्यासाठीची वेगळी चूल. बहुतेक वेळा मागच्या अंगणात किंवा न्हाणीघराच्या बाजूला, आणि तिच्यावर काळाठिक्कर झालेला हंडा. बंब ही त्याची पुढची पायरी.

ज्यांनी बंब फक्त हॉटेलच्या सजावटीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचं एक उंच, गोल भांडं. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत जाणारी जाड नळी. नळीच्या तळाला जाळी. नळीत कोळसा, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे, जे असेल ते टाकायचं आणि पेटवायचं. राख जाळीतून खाली पडते, धूर वरून बाहेर जातो, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी असतं ते तापतं. बाजूला तोटी. खाली तीन पाय.

यातली हुशारी लक्षात घ्या. चुलीवरच्या हंड्याला आग फक्त खालून लागते, बरीचशी उष्णता इकडेतिकडे जाते. बंबात आग पाण्याच्या पोटात असते. सगळ्या बाजूंनी पाणीच असल्यामुळे उष्णता जाणार कुठे? म्हणून थोड्या जळणात भरपूर पाणी. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो. तिथे चहासाठी, आपल्याकडे आंघोळीसाठी.

काही बंबांची तर आणखी एक गंमत असायची. एका बाजूच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर यायचं. गार पाणी जड, ते तळाशी जातं आणि वरचं गरम पाणी ढकलून देतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. कारण तुमच्या भिंतीवरचा पांढराशुभ्र गीझर नेमकं हेच करतो.

आता शब्दाकडे बघू. पोर्तुगीजमध्ये 'बोंबा' म्हणजे पंप. आपला आगीचा बंब, म्हणजे फायर ब्रिगेडची गाडी, त्यावरून आला असं मानलं जातं. म्हणजे एकाच शब्दाची दोन यंत्रं: एक आग विझवणारं, दुसरं आग पोटात घेऊन बसणारं. बंबाने मराठीला आणखी काही दिलं. 'जाऊ दे, बंबात घाल' हे वाक्य जुन्या घरांत नको असलेल्या प्रत्येक कागदाच्या नशिबी यायचं. इतिहासाची आवड असलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. वि. का. राजवाडे १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापत होते, तेव्हा आणि नंतर कितीतरी वर्षं, लोकांच्या माळ्यावर मोडीतली जुनी दप्तरं पडून होती. त्यातली किती वाचली ते आपण मोजू शकतो. किती आंघोळीच्या पाण्याखाली गेली, ते कोण मोजणार!

आणि तापलेल्या पाण्याभोवतीचे शब्दही बघा. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगावर घेण्याजोगं करणं म्हणजे विसण घालणं. ते ज्यात घालायचं ते घंगाळ. दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब आणि घंगाळ चिंच-मीठ लावून असे घासायचे की चेहरा दिसावा. मग झेंडूची माळ, बाजूला रांगोळी, आणि पहाटे अभ्यंगस्नान. गीझरला आजवर कुणी झेंडूची माळ घातल्याचं मी पाहिलेलं नाही. असो.

मोड म्हणजे किंमत

आता मूळ प्रश्न. बंब बिघडला की काय करायचे?

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती. तिथून चालत गेलात तर आजही हातोड्याचा ठोका ऐकू येतो. तांब्याच्या पत्र्यावर ओळीने ठोके देऊन त्याला घट्ट करायचं, त्यावर ती चमकणारी गोल ठोक्यांची नक्षी उमटवायची, याला मठारकाम म्हणतात. हे नुसतं शोभेसाठी नसतं. ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांडं चेपत नाही. हा 'टुक टुक टुक' आवाज इतका ओळखीचा होता की तसंच ओरडणाऱ्या एका छोट्या हिरव्या पक्ष्याचं नावच तांबट पडलं. तो पक्षी मुंबईतही आहे. उन्हाळ्यात अंधेरीच्या एखाद्या जुन्या वडा-पिंपळाखाली दोन मिनिटं थांबा, ऐकू येईल.

तर बंबाला भोक पडलं की तो तांबटाकडे किंवा कासाराकडे जायचा. जिथे गळतंय तिथे झाळून मिळायचं. आतली नळी आगीने जळून पातळ झाली तर नळी बदलायची. तोटी घासली गेली तर पितळेची दुसरी. एकच धातू, उघडी रचना, आणि हे सगळं समजणारा एक माणूस. म्हणून दुरुस्ती हेच उत्तर.

आणि एक दिवस बंब खरंच संपला, तर? तर तो फेकायचा नाही. त्याची मोड द्यायची. कासार जुनं भांडं तोलणार, तांब्याच्या भावाने पैसे धरणार, आणि ते नव्या भांड्याच्या किंमतीतून वजा करणार. 'मोडीत काढणं' आज आपण निरुपयोगी ठरवणं या अर्थाने वापरतो. पण मूळ व्यवहारात मोडीला चांगली किंमत होती. जुना बंब वितळून कुणाचा तरी नवीन बंब, कळशी किंवा तांब्या व्हायचा. दुरुस्त करणं आणि बदलणं ही दोन वेगळी टोकं नव्हतीच. एकाच धातूच्या लांबलचक आयुष्यातले ते दोन टप्पे होते.

अंधेरीत नळ आला, वीज आली

मग बंब गेला कसा? त्यासाठी आपल्याला अंधेरीत यावं लागेल.

मुंबई शहराला नळाचं पाणी मिळालं ते १८६० मध्ये, विहार तलावातून. गंमत अशी की विहार तलाव आहे उपनगरात, अंधेरीच्या पूर्वेच्या डोंगरांत. पण पाणी जायचं दक्षिणेला, शहरात. नंतर १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. शहराची तहान मोठी होती, आणि अंधेरी तेव्हा साष्टीतलं एक गाव होतं. आंबोली, मरोळ, चकाला, वर्सोवा ही आजूबाजूची गावं. विहिरी, शेतं, गावठाणं, कोळीवाडा.

१९२८ मध्ये चर्चगेटच्या बाजूने बोरीवलीपर्यंत विजेची लोकल धावायला लागली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी निघाली. हीच ती बीएसईएस. आमच्याकडे घरातली मोठी माणसं विजेच्या बिलाला अजूनही 'बीएसईएसचं बिल' म्हणतात. मधे त्यावर रिलायन्सचं नाव आलं आणि २०१८ पासून अदानीचं, तरी म्हणायची सवय सुटत नाही. मग १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत वाढली आणि अंधेरी अधिकृतपणे मुंबईत आली. १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, आणि त्याच वर्षी मोडकसागर धरणाचं पाणीही आलं.

नळ, वीज आणि लोकल. या तिघांनी मिळून बंबाला घराबाहेर काढलं.

कसं ते सांगते. माझी आजी १९६३ मध्ये लग्न होऊन अंधेरीला आली. बैठी चाळ, मागे मोरी, मोरीच्या दाराशी सासूबाईंचा बंब. ती सांगते, "अगं, पाणी तापायला वेळ नाही लागायचा, पण बंब पेटायला लागायचा. पावसाळ्यात कोळसा ओला, शेंड्या ओल्या. तुझ्या आजोबांना सातची गाडी. म्हणजे मी साडेचारला उठून फुंकत बसायची." वखारीतून कोळसा आणायचा, राख टाकायची, धुराने डोळे चुरचुरायचे, काळे हात घासायचे. बंबाच्या आठवणी काढून हळवे होणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी अनुभवाने सांगते. त्यांच्या वाट्याला पाणी आलं होतं. फुंकणं बाईच्या वाट्याला.

मग चाळीच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. तिसऱ्या मजल्यावर कोळशाची गोणी कोण चढवणार? बंद बाथरूममध्ये धूर जाणार कुठे? दरम्यान १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, मुंबईत स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर दिसायला लागले. काही वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलं, मग गॅसवर पातेलं, मग बादलीत सोडायचा तो विजेचा रॉड. शॉकच्या भीतीने ज्याला घरातलं कुणी हात लावू द्यायचं नाही, तोच. आणि शेवटी गीझर. आमच्या घरात तो आला १९८० च्या दशकात, चार मजली बिनलिफ्टच्या सोसायटीत आलो तेव्हा. आजी म्हणते, बटण दाबल्यावर पहिल्यांदा गरम पाणी आलं त्या दिवशी तिला रडू आलं होतं. बंबाची आठवण येऊन नव्हे. साडेचारची झोप परत मिळाली म्हणून.

आइसलँडचं नाव, लंडनचा धोका

गीझर हा शब्द आला आइसलँडमधून. तिथे 'गेयसिर' नावाचा एक झरा आहे, त्यातून उकळतं पाणी उसळून आकाशात उडतं. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण ती बिचारी शांत स्वभावाची.

१८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर चालणारं पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'गीझर'. नळ सोडला की गरम पाणी हजर. पण त्यात एक मोठी खोट होती. जळलेल्या गॅसचा धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती. सगळं बाथरूममध्येच. पुढे १८८९ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या नॉर्वेहून गेलेल्या इंजिनिअरने टाकीत पाणी साठवून आपोआप तापवणारा हीटर बनवला. आपल्या आजच्या साठवणीच्या गीझरचा तो पूर्वज.

मॉनची ती खोट आज, दीडशे वर्षांनंतर, आपल्या मुंबईत माणसं मारते. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. गॅस गीझर छोट्या बंद बाथरूममध्ये लावला, खिडकी बंद, एक्झॉस्ट नाही, की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो दार उघडण्याआधीच कोसळतो. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यात तरुण मुलंमुली असतात. बंब न्हाणीघराच्या दाराशी किंवा अंगणात का ठेवायचे, याचं उत्तर यात आहे. जुन्या लोकांना त्या वायूचं नाव माहीत नसेल, पण आग आणि आंघोळ एका बंद खोलीत नको, हे त्यांनी घराच्या रचनेतच लिहून ठेवलं होतं.

म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. तुमच्याकडे गॅस गीझर असेल आणि तो बाथरूमच्या आत असेल, तर 'दुरुस्त की नवीन' या प्रश्नाच्या आधी 'जागा बदलायची' हे ठरवा. यंत्र बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत. पाणी नळीने आत.

पांढऱ्या डब्याच्या पोटात

आता विजेच्या गीझरकडे. आमच्या घरातला सध्याचा गीझर पंधरा लिटरचा आहे आणि सतरा वर्षांचा. गेल्या महिन्यात पाणी कोमट यायला लागलं, आणि टाकीत खडखड असा आवाज. दुरुस्तीला आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "ताई, सतरा वर्षं झाली? टाकून द्या. नवीन घ्या."

मी म्हटलं, "दादा, आधी उघडून तर बघा."

कारण गीझर म्हणजे एकच वस्तू नाही, आणि बंबाचा धडा इथे उपयोगी पडतो. नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा? आत असतं ते असं:

एक टाकी. खालून गार पाणी आत येतं, वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. बंबाचं नरसाळं आठवलं ना?

एक कॉइल, म्हणजे हीटिंग एलिमेंट. त्यावर क्षार साचतात. महापालिकेचं पाणी तलावांत साठलेल्या पावसाचं, त्यामुळे त्यात क्षार कमी. पण टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षार जास्त. कॉइलवर पांढरी खपली चढली की पाणी तापायला वेळ लागतो आणि आवाज येतो. ही खपली काढता येते, कॉइल बदलताही येते.

एक थर्मोस्टॅट, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा. आणि तो बिघडला तर दुसरा राखणदार म्हणून कटआउट. दोन्ही बदलता येतात.

एक सेफ्टी व्हॉल्व्ह. बंब वरून उघडा होता, त्यामुळे वाफ निघून जायची. गीझर बंद डबा आहे. पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून तिथे बूच मारून देणारे महाभाग असतात. असं कधीही करू देऊ नका.

आणि एक वस्तू जिचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं: अ‍ॅनोड रॉड. मॅग्नेशियमची कांडी. हिचा इतिहास मला फार आवडतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमारासाठी एक प्रयोग केला. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारलेला असायचा, तो समुद्राच्या पाण्याने खराब व्हायचा. डेव्हीने तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे छोटे तुकडे जोडले. पाण्याने तांब्याऐवजी ते तुकडे खाल्ले. गीझरमधली मॅग्नेशियमची कांडी हेच करते: टाकीऐवजी स्वतः झिजते. १९३६ मध्ये अमेरिकेच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने आतून काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीचं पेटंट घेतलं. आधी बिअरच्या टाक्यांसाठी वापरलेली युक्ती त्यांनी आंघोळीच्या पाण्याला लावली. त्या मुलाम्यात कुठे केसाएवढी भेग राहिली तरी कांडी पोलाद सांभाळते. पण कांडी संपली की पाणी टाकी खायला लागतं. दोन-तीन वर्षांनी कांडी तपासायची असते. किती जणांनी तपासली आहे? हात वर करा. मला दिसत नाहीयेत, पण अंदाज आहे.

आता या सगळ्यात दुरुस्त न होणारी एकच गोष्ट आहे. टाकी. तांब्याचा बंब झाळता यायचा. काचेचा मुलामा दिलेली, फोमच्या आवरणात बंद केलेली टाकी गळायला लागली की ती झाळता येत नाही. वेल्डिंग केलं तर आतला मुलामा जातो. तिथे खेळ संपला.

आमचा गीझर उघडला तेव्हा कॉइल खपल्यांनी मढलेली, वॉशर कडक झालेला, आणि अ‍ॅनोडची फक्त तार उरलेली. पण टाकी कोरडी. कुठे गंजाचा ओघळ नाही.

हिशोब

पुढचं आर्ग्युमेंट भावाने काढलं: "नवीन फाइव्ह स्टार घे, वीज वाचेल." बरोबर वाटतं ना? आपण मांडून बघू.

पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. गीझर जुना असो की नवीन, हे गणित बदलत नाही. पाणी तापवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच. दोन किलोवॅटच्या कॉइलला त्याला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. त्यात तेवढंच गार पाणी विसणाला घातलं की दोन बादल्या आंघोळीचं पाणी झालं.

मग तारे कशाचे? भारतात उपकरणांवर स्टार लेबल सुरू झालं २००६ मध्ये, गीझरही पुढे त्यात आले. गीझरच्या बाबतीत तारे मुख्यतः हे सांगतात की तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते. म्हणजे गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात ताऱ्यांनी खूप फरक पडतो. पण मराठी घरात काय होतं? "गीझर बंद केलास का?" हे वाक्य आपण 'जेवलीस का' च्या खालोखाल ऐकतो. वीस मिनिटं चालू, आंघोळ, बंद. त्या घरात तारे फार थोडे पैसे वाचवतात. आईच्या त्या ओरडण्याला दोन-तीन स्टार सहज द्यावेत.

दुसरा मुद्दा जास्त अंधेरीचा आहे. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. म्हणजे सहा वर्षं 'जाणार आहे'. २००९ मध्ये सरकारने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासाचे नियम घालून दिले, २०१९ मध्ये ते सुधारले. तेव्हापासून अंधेरीत प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच चर्चा. नवीन घरात बिल्डर गीझर देणारच, असं करारात लिहिलेलं असतं. मग आत्ता नवीन का घ्यायचा? खिडकीची काच फुटली, 'राहू दे, रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे.' प्लास्टर पडलं, 'राहू दे.' अर्धी अंधेरी या 'राहू दे' मध्ये राहते. इमारत दुरुस्त करायची की पाडून नवीन बांधायची, या प्रश्नाखाली घरातले सगळे छोटे प्रश्न अडकलेत.

पण घरात आजी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. 'राहू दे' म्हणताना तिचा हात त्या नळाला लागतो, हे विसरून चालत नाही. म्हणून मी तीन प्रश्न ठरवले, तुम्हालाही देते.

पहिला: जिवाला धोका आहे का? नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, वायर जळल्याचा वास येत असेल, तर गीझर त्याच क्षणी बंद. पैसे, वय, रिडेव्हलपमेंट, सगळं नंतर. अर्थिंग तपासा आणि घरात ईएलसीबी बसवून घ्या.

दुसरा: टाकी गळतेय का? गळत असेल तर नवीन घ्या, वाद घालू नका. गळत नसेल तर बाकी सगळं बदलता येतं.

तिसरा: सुटे भाग मिळतात का, आणि त्यांची मजुरीसकट बेरीज नव्याच्या किंमतीच्या निम्म्याच्या वर जाते का? निम्म्याच्या वर गेली तर विचार करा, खाली असेल तर दुरुस्त करा. ही मोजपट्टी माझी आहे, कायदा नव्हे. पण सुटे भाग हा हक्काचा विषय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ते याच कारणासाठी. मॉडेल जुनं झालं म्हणून दुरुस्तीच नाही, असं सहजासहजी ऐकून घेऊ नका.

आमच्या गीझरचं उत्तर तीन प्रश्नांनंतर स्पष्ट झालं. अर्थिंग ठीक. टाकी कोरडी. कॉइल, थर्मोस्टॅट, वॉशर आणि अ‍ॅनोड मिळून नव्याच्या किंमतीच्या एक तृतीयांशही झाले नाहीत. दुरुस्त केला. ज्याने 'टाकून द्या' म्हटलं होतं त्यानेच दोन तासांत नीट काम केलं, आणि जाताना जुनी कॉइल मागून घेतली. आत तांबं असतं म्हणाला. भंगारात भाव येतो. बघा, मोड अजून जिवंत आहे.

पणजीचं उत्तर

मग पणजीचं उत्तर बरोबर होतं का? तिच्या वेळी दुरुस्ती हे उत्तर होतं, कारण वस्तू दुरुस्तीसाठीच घडवलेली होती, आणि आळीच्या तोंडाशी ती दुरुस्त करणारा बसलेला होता. पण त्या वस्तूची रोजची किंमत एक बाई झोपेने आणि डोळ्यांनी चुकवत होती. ती कुठल्याच हिशोबात धरली नाही. म्हणून 'जुनं ते सोनं' असं मी म्हणणार नाही. बंब गेला हे चांगलंच झालं. त्याच्यासोबत गेलेली एक सवय मात्र परत आणावीशी वाटते: वस्तू उघडून बघायची, कुठे झिजलीय ते शोधायचं, आणि मगच ठरवायचं.

मी आजीला विचारलं, परत बंब आणायचा का हौसेने, दिवाळीपुरता? ती म्हणाली, "आण की. पण पेटवणार कोण ते आधी ठरवा."

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या गीझरवर बनवल्याचं साल कुठे लिहिलंय ते शोधा, आणि अ‍ॅनोड शेवटचा कधी बदलला ते घरच्यांना विचारा. आणि घरात कुणी बंब पेटवलेलं असेल, तर त्या बाईंना दहा मिनिटं बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्याही दप्तरात ही माहिती सापडायची नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. आणि हो, गीझर बंद केलात का?